पोटातल्या पाण्याचा रंग

घोड्याला शूळ उठला की तो लपत नाही. घोडा पाय आपटतो, मान वळवून कुशीकडे बघत राहतो, अंग टाकतो, लोळतो, घामानं निथळतो. सगळी पागा जागी होते आणि डॉक्टरला फोन जातो. पोटात पू धरतो तेव्हा मात्र तो बहुतेक वेळा गप्प उभा असतो. मान थोडी खाली, पोट आवळून घेतलेलं, चार पावलं चालवायला गेलं तर अंग चोरतो. लीद थोडी, चंदी टोपलीत तशीच. "मॅडम, आज जरा सुस्त वाटतोय," एवढंच मोतद्दार सांगतो. आधी पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर आणि मग माथेरान-पाचगणीकडच्या भाड्याच्या घोड्यांमध्ये इतकी वर्षं काम करताना मला सगळ्यात जास्त धास्ती या 'जरा सुस्त'चीच वाटत आली आहे.

पोटाच्या पोकळीला आतून एक पातळ, ओलसर पडदा असतो. आतडी, यकृत, प्लीहा या सगळ्यांवरून तो फिरलेला असतो. पसरून मोजला तर त्याचं क्षेत्रफळ जवळजवळ जनावराच्या कातडीएवढं भरेल. या पडद्याला जंतुसंसर्ग झाला की त्याला आम्ही पेरिटोनायटिस म्हणतो. एवढा मोठा पृष्ठभाग सुजला की रक्तातलं पाणी पोटात झिरपतं, जंतूंचं विष रक्तात चढतं आणि आतड्यांची हालचाल मंदावते. गाय चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा गिळते, तो जठराला भोक पाडून बाहेर येतो, तरी गायीचं शरीर त्या जागेभोवती चिकट थरावर थर चढवून संसर्ग तिथल्या तिथे कोंडून टाकतं. अशा गायी महिनोन्महिने जगतात, दूधही देतात. घोड्याच्या शरीराला हे कोंडणं तितकंसं जमत नाही. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात आमच्या हाताखालून गायी-म्हशी भरपूर गेल्या, घोडे त्या मानानं कमी. त्यामुळे गायीच्या पोटाचा अंदाज घोड्याला लावायचा नाही, ही गोष्ट पुस्तकापेक्षा पागेतच पक्की झाली.

पहिल्या नोकरीत एक वयस्क मोतद्दार होते, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या वहीत प्रत्येक घोडीचं सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं असायचं. निरोगी घोड्याचं तापमान ९९.५ ते १०१.५ फॅरेनहाइटच्या आत राहतं, नाडी मिनिटाला २८ ते ४४. पण अमुक घोडी नेहमी ९९.८ ला असते आणि आज १०१ आहे, हे त्या वहीशिवाय मला कोण सांगणार? कागदावर १०१ म्हणजे सगळं ठीक. चाचांच्या लेखी ती घोडी आजारी होती, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी ते खरं ठरायचं. पुढे डोंगरावरच्या घोडेवाल्यांमध्ये काम सुरू केलं तेव्हा पहिली अडचण हीच आली की मी पोचण्याआधी घोड्याला वेदनाशामक टोचलेलं असे. फ्लुनिक्सिन दिलं की काही तासांत ताप उतरतो, घोडा दोन घास खातो, घरच्यांना बरं वाटतं. संसर्ग आत तसाच असतो आणि डॉक्टरच्या हातात येतो तो खोटा आकडा. वेदना कमी करू नयेत असं माझं म्हणणं नाही, घोडा तळमळत असेल तर औषध द्यायलाच हवं. फक्त त्याआधी थर्मामीटर लावायला एक मिनिट लागतं.

तापानंतर महत्त्वाचं असतं पोटातलं पाणी. ते काढण्याची रीत सोपी आहे, पण ती पहिल्यांदा बघणाऱ्या मालकाच्या पोटात गोळा येतो. घोडा चौरस उभा करायचा, गरज पडली तर वरच्या ओठाला दोरीचा फास. छातीचं हाड संपतं तिथून थोडं मागे, पोटाचा सगळ्यात खालचा भाग. मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे जायचं, कारण डावीकडे प्लीहा असते आणि ती टोचली गेली तर नळीत नुसतं रक्त येतं. केस कापून जागा स्वच्छ धुतली की निर्जंतुक हातमोजे घालून सुई लावायची. कातडीतून सुई जाताना घोडा थरथरतो, मग मधला चिवट थर लागतो, आणि तो पार झाला की हाताला एकदम सैल लागतं. इथे थांबायचं. सुई जराशी फिरवायची, पुन्हा थांबायचं. घोड्याच्या श्वासाबरोबर सुई डुलायला लागते आणि तिच्या बुंध्याशी एक थेंब जमतो.

तो थेंब फिकट पिवळा आणि नितळ असला तर जीव भांड्यात पडतो. नळी भरून तिच्यामागे छापील कागद धरला की अक्षरं वाचता आली पाहिजेत. पाणी गढूळ असेल, केशरी किंवा तांबूस असेल, त्यात पांढरे तंतू तरंगत असतील तर आत काहीतरी पेटलेलं आहे. जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलेलं पाणी पेशी मोजायला जातं. निरोगी घोड्यात दर मायक्रोलिटरला पाच हजारांच्या आत पांढऱ्या पेशी असतात, संसर्ग झाला की त्या लाखाच्याही पुढे जातात. दुसरा नमुना जंतू वाढवून बघण्यासाठी, आणि तो अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधीच घ्यायचा. ब्लड कल्चरची बाटली हाताशी असेल तर साध्या नळीपेक्षा तिच्यात जंतू सापडण्याची शक्यता जास्त. तिसरा थेंब काचेवर पसरून, ग्रॅम स्टेन करून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात, काच मात्र अर्ध्या तासात बोलते.

एका फार्मवरची एक घोडी याच वाटेनं बरी झाली. ताप १०३ च्या पुढे, नाडी साठीत, पोट किंचित दुखतंय पण लोळत नाही. पाणी केशरी, दाट. काचेवर पांढऱ्या पेशींचा खच आणि त्यांच्यात काही गुलाबी, आखूड, काडीसारखे जंतू. कल्चरमध्ये ॲक्टिनोबॅसिलस इक्वुली निघाला. हा जंतू घोड्याच्या तोंडात आणि आतड्यात एरवीही राहतो. तो पोटाच्या पोकळीत कसा उतरतो याचा माग बहुतेक वेळा लागत नाही, भटक्या जंतांच्या अळ्यांवर संशय घेतला जातो. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी याच्यावर भरपूर लिहून ठेवलं आहे आणि त्यांचा अनुभव आशादायक आहे, कारण हा जंतू बहुधा साध्या पेनिसिलिनला दाद देतो. आम्ही पेनिसिलिन आणि जेंटामायसिन सुरू केलं, शिरेतून सलाईन दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घोडीनं चंदीच्या टोपलीत तोंड घातलं.

पेनिसिलिनबद्दल माझ्या मनात खास आदर आहे. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन बनायला लागलं. देशात हे औषध मोठ्या प्रमाणावर तयार होण्याची ती सुरुवात, आणि ती आमच्या फार्मांपासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर झाली. एवढ्या वर्षांनंतरही घोड्याच्या पोटासाठी मी पहिला हात त्याच औषधाला घालते. नव्या, महागड्या औषधाचं नाव घेतलं की मालकाला उपचार भारी वाटतो, पण जंतूला किमतीशी काही देणंघेणं नसतं.

फसगत होते ती मात्रेत. घोड्याला किलोमागे बावीस हजार युनिट, दिवसातून दोनदा, असा हिशेब आहे. चारशे किलोच्या घोड्याला एका वेळी ८८ लाख युनिट लागतात. दुकानातून ४० लाखांची एक कुपी आणून दिवसातून एकदा टोचली, असे घोडे माझ्याकडे कितीतरी आले. म्हणजे जे १७६ लाख जायला हवे होते त्यातले चाळीस गेले. मग सगळे म्हणतात, पेनिसिलिन लागू पडत नाही. जेंटामायसिनचंही तेच. किलोला ६.६ मिलिग्रॅम धरले तर त्याच घोड्याला २६४० मिलिग्रॅम होतात, मिलिलिटरला चाळीस मिलिग्रॅमचं औषध असेल तर ६६ मिलिलिटर. एवढी मोठी सिरिंज बघून एका मालकानं माझा हात धरला होता. त्यांना समजावून सांगावं लागलं की हे औषध दिवसातून एकदाच, पण पूर्ण द्यायचं असतं. एकदम भरपूर गेलं की जंतू मरतात आणि पुढच्या डोसपर्यंत मूत्रपिंडांना उसंत मिळते. तेच तुकड्या-तुकड्यानं दिलं तर जंतू जगतात आणि मूत्रपिंडं खचतात. घोडा आधीच सुकलेला असेल तर पहिल्यांदा सलाईन, मग जेंटामायसिन, आणि मधून मधून रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं. सोबत वेदनाशामक चालू असेल तर दुप्पट सावध राहायचं, कारण तेही मूत्रपिंडांवरच भार टाकतं.

आतड्यातून आलेल्या संसर्गात हवेशिवाय वाढणारे जंतूही असतात. त्यातले काही पेनिसिलिनला जुमानत नाहीत, म्हणून मेट्रोनिडाझोल जोडावं लागतं. किलोला वीस मिलिग्रॅम म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला एका वेळी आठ ग्रॅम. ४०० मिलिग्रॅमच्या वीस गोळ्या, दिवसातून तीनदा. साठ गोळ्या कुटायच्या, आणि त्या अतिशय कडू. गुळात कालवून पहिल्या दिवशी घोडा फसतो, दुसऱ्या दिवशी गूळ दिसला तरी तोंड फिरवतो. या औषधानं भूकही मरते, आणि ज्यानं खावं म्हणून आपण धडपडतो त्यालाच खाणं नकोसं होतं. अशा वेळी आम्ही गोळ्यांची पूड पाण्यात कालवून मऊ नळीनं गुदमार्गातून दिली आहे. शोषण थोडं कमी होतं, पण घोडा चारा खायला लागतो. मोतद्दारांना हे काम आवडत नाही, तरीही रात्री दोनच्या डोसला उठणारे मोतद्दार मला भेटले, आणि घोडे त्यांच्यामुळे वाचले.

प्रोकेन पेनिसिलिन स्नायूतच टोचायचं. चुकून शिरेत गेलं तर त्यातल्या प्रोकेनमुळे घोडा क्षणात बेफाम होतो, भिंतींवर धडकतो, मागच्या पायांवर उभा राहतो. अशा वेळी त्याला धरायला जाऊ नये, बाजूला होऊन जागा द्यावी. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे प्रत्येक वेळी बघायचं, आणि औषध उन्हात ठेवायचं नाही, कारण उष्णतेनं मोकळं प्रोकेन वाढतं आणि धोकाही वाढतो. शर्यतीच्या घोड्यांची आणखी एक गोष्ट आहे. प्रोकेन हे बधिर करणारं औषध असल्यामुळे उत्तेजक चाचणीत सापडतं, आणि ते शरीरातून जायला बरेच दिवस लागतात. त्यामुळे महालक्ष्मी किंवा पुण्याच्या मोसमात धावणाऱ्या घोड्याला साधं पेनिसिलिन दर सहा तासांनी शिरेतून देणं आम्हाला बरं वाटायचं.

औषध सुरू करण्यापेक्षा ते चालू ठेवणं अवघड. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप गेलेला असतो, घोडी खिंकाळते, खरारा करताना खोड्या काढते. शेठचा फोन येतो, "आता बंद करू या का? मानेवर टोचून टोचून गाठी आल्यात." वर सांगितलेल्या घोडीच्या बाबतीतही हेच झालं. मी त्यांना म्हटलं, पुन्हा पोटातलं पाणी बघू आणि मग ठरवू. घोडी दिसायला ठणठणीत होती, पाणी मात्र अजून गढूळ होतं, पेशी चाळीस हजारांच्या घरात. शेठनी ती नळी उजेडात धरून स्वतः बघितली आणि पुढचे दोन आठवडे एकदाही बंद करायचं नाव काढलं नाही. तेव्हापासून मी मालकाला नळी दाखवतेच. समजूत घालण्यापेक्षा त्या नळीचा उपयोग जास्त होतो.

याच्या उलटही घडतं. सारंगखेड्याच्या यात्रेतून, म्हणजे दत्तजयंतीला तापीकाठी भरणाऱ्या त्या घोडेबाजारातून, एका शेतकऱ्यानं उमदा तरणा घोडा आणला आणि गावी आल्यावर खच्ची करून घेतला. चार-पाच दिवसांनी मागचे पाय ताठ टाकायला लागला, ताप आला. घोड्यात अंडकोशाची पोकळी पोटाच्या पोकळीला जोडलेली असते, त्यामुळे खालची घाण वर चढायला वाट मोकळी असते. कुणीतरी पोटातलं पाणी तपासून पेशी खूप वाढल्याचं सांगितलं होतं, आणि घरचे घोड्याची आशा सोडून बसले होते. पण खच्ची केल्यावर निरोगी घोड्यातही त्या पाण्यात पेशी अनेक दिवस वाढलेल्या राहतात. नुसत्या आकड्यावर जायचं नसतं. पेशींच्या पोटात जंतू दिसतात का, घोडा चालतो कसा, हिरड्यांचा रंग काय, हे बघायचं. इथे जंतू दिसले नाहीत. जखम मात्र वरून मिटली होती आणि आत पू तुंबला होता. घोड्याला शांत करून जखम बोटांनी मोकळी केली, ओंजळभर घाण बाहेर आली, रोज धुवायला आणि चालवायला सांगितलं. धनुर्वाताची लस आधी टोचलेली नव्हती, म्हणून त्यावरचं सीरम दिलं. अँटिबायोटिक चालू ठेवलंच, पण घोडा बरा झाला तो पू वाहून गेल्यामुळे. तुंबलेल्या पुवात औषध पोचत नाही, पोचलं तरी काम करत नाही.

अँटिबायोटिकची दुसरी बाजू घोड्याइतकी भीषण क्वचितच कुठल्या जनावरात दिसते. घोडा चारा पचवतो तो मागच्या आतड्यात. तीसेक लिटरचं अंधांत्र, त्यापुढे ऐंशी लिटरच्या आसपासचं मोठं आतडं, आणि त्यात राबणारे असंख्य उपयोगी जंतू. पोटातल्या वाईट जंतूंसाठी दिलेलं औषध या जंतूंवरही चालतं. ते मेले की क्लॉस्ट्रिडियम आणि साल्मोनेला यांना रान मोकळं. एका वरातीच्या घोडीला किरकोळ तापासाठी कुणीतरी लिंकोमायसिन दिलं होतं. माणसाला चालतं, म्हणून घोड्यालाही चालेल असं देणाऱ्याला वाटलं. मी पोचले तेव्हा पाण्यासारखी हगवण लागली होती, डोळे खोल गेले होते, हिरड्या जांभळ्या पडल्या होत्या आणि दातांच्या कडेनं गडद रेघ उमटली होती. सलाईनच्या बाटल्या संपल्या की नव्या लावत राहिलो. जंतूंचं विष खुरांत उतरून खूर सुटू नयेत म्हणून गावातल्या बर्फवाल्याकडून लाद्या आणून चारही पाय बर्फात ठेवले. तिसऱ्या दिवशी घोडी गेली. मूळ ताप कदाचित औषधाशिवायही उतरला असता. लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं घोड्याजवळ नेऊच नयेत. ऑक्सिटेट्रासायक्लिन गोठ्यात सर्रास वापरतात, पण घोड्याच्या बाबतीत तेही विचार करूनच.

शिंगरांच्या पोटाचं शास्त्र वेगळं. तीन महिन्यांच्या एका शिंगराच्या पोटात रोडोकोकसचं गळू झालं होतं, सोनोग्राफीत ते नारळाएवढं दिसत होतं. या जंतूला मारायला रिफॅम्पिसिन लागतं, तेच क्षयरोगाचं औषध, आणि त्याच्या जोडीला ॲझिथ्रोमायसिनच्या घराण्यातलं एखादं. हे कित्येक आठवडे चालतं. शिंगराची लघवी केशरी होते, आणि या दुसऱ्या औषधांनी घाम येणं कमी होत असल्यामुळे एप्रिलच्या उन्हात शिंगरू तापून कोसळू शकतं. म्हणून ते सावलीत आणि पंख्याखाली ठेवलं. पण मला जास्त काळजी होती ती त्याच्या आईची. औषध पाजल्यावर शिंगराच्या तोंडाला लागलेला अंश आई चाटते, त्याची लीद हुंगते, आणि तेवढ्याशा औषधानंही मोठ्या घोडीला जीवघेणी हगवण लागू शकते. चाचा दर डोसनंतर शिंगराचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचे आणि लीद पडली की लगेच उचलायचे. अशी शिंगरं फार थोडी वाचतात. हे वाचलं, आणि आईलाही काही झालं नाही. याचं श्रेय मी औषधाइतकंच त्या फडक्याला देते.

काही वेळा अँटिबायोटिक न देणं हाच निर्णय असतो, आणि तो समजावून सांगणं सगळ्यात जड जातं. डोंगरावर जिथे मोटारींना बंदी आहे, तिथे घोडा म्हणजे घरचा चालता रोजगार. तिथल्या एका घोड्याला दोन दिवस शूळ होता. हिंग, ओवा, दुकानातलं वेदनाशामक असं सगळं करून झालं होतं. मी वर पोचले तेव्हा घोडेवाले दादा आनंदात होते. "आता शांत झालाय मॅडम, पहाटेपासून लोळला नाही." घोडा खरंच शांत होता. अंग थंड घामानं भिजलेलं, नाडी शंभराच्या पुढे, हिरड्या काळसर. घोड्याला उलटी करता येत नाही. जठर किंवा आतडं तट्ट फुगून फुटलं की ताण जातो आणि वेदना एकदम कमी होते. पाणी काढलं, हिरवट, त्यात चाऱ्याचे बारीक तुकडे. सुई चुकून आतड्यात गेली तरी असंच पाणी येतं, म्हणून जागा बदलून पुन्हा काढलं, तेच आलं. काचेवर पांढऱ्या पेशी आणि जंतूंची खिचडी होती, म्हणजे हे पाणी आतड्यातलं नव्हतं, पोकळीतलंच होतं.

दादा म्हणाले, "एक तरी इंजेक्शन द्या ना अँटिबायोटिकचं. प्रयत्न केला असं तरी होईल." मी नाही म्हटलं. फुटलेल्या आतड्यातून सांडत राहिलेली घाण कुठल्याही औषधानं थांबत नाही. ते औषध घोड्यासाठी नसतं, आपल्या मनाच्या समाधानासाठी असतं, आणि त्या समाधानाची किंमत घोडा आणखी काही तास तळमळून मोजतो. त्यांनी घोड्याच्या कपाळावर हात ठेवला, मी झोपेचं इंजेक्शन दिलं. दादांना वाईट वाटलं, माझ्यावर रागही आला असेल. पण आजही तसाच घोडा समोर आला तर मी तेच करेन.

अलीकडे सगळ्यात मोठा फरक दिसतो तो औषधांच्या उतावळेपणात. घोडा सुस्त दिसला की थेट सेफ्ट्रियाक्झोन, त्यानं दोन दिवसांत फरक पडला नाही की माणसांच्या अतिदक्षता विभागातलं काहीतरी. पाणी काढलेलं नसतं, जंतू कुठला ते ठाऊक नसतं. २०१४ पासून यांतली बरीच औषधं एच-१ सूचीत आहेत, चिठ्ठीशिवाय मिळू नयेत आणि विकल्याची नोंद ठेवावी असा नियम आहे. २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना कोलिस्टिन देण्यावर बंदी आली. हे नियम रास्त आहेत. पागेत राबणारा माणूस त्याच लिदीत हात घालतो, त्याच विहिरीचं पाणी पितो, आणि औषधाला सरावलेला जंतू घोड्यातून माणसात जाताना काही परवाना मागत नाही. माणसासाठी शेवटची म्हणून राखलेली औषधं घोड्यावर खर्च करण्याची वेळ मला क्वचितच आली, आणि तीही कल्चरचा कागद हातात असताना.

आता माझं सगळं मागणं नव्या पशुवैद्यांकडे आणि जिल्ह्या-जिल्ह्यातल्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांकडे आहे. सूक्ष्मदर्शक तुमच्याकडे आहेच. ग्रॅम स्टेनच्या बाटल्या, जांभळ्या बुचाच्या नळ्या, दोन-चार ब्लड कल्चरच्या बाटल्या आणि दीड इंची निर्जंतुक सुया एका डब्यात भरून ठेवा, आणि त्या डब्याच्या झाकणावर पेनिसिलिन आणि जेंटामायसिनची किलोमागची मात्रा ठळक लिहून चिकटवा. तापलेला, पोट आवळून उभा असलेला घोडा दारात आला तर अँटिबायोटिकची कुपी फोडण्याआधी पोटातलं पाणी काढा.